कॅलेबजवळ कोण होतं

शनिवार, ११ नोव्हेंबर २००६

कॅलेब गेला.

दुपारी देवांगचा फोन आला. आधी नुसता श्वास. मग, 'आई, कॅलेब इज डेड.' मी विचारलं, 'कोण कॅलेब?' — खरंच असं विचारलं मी! दिवाळीला आपल्या घरी राहून गेलेला मुलगा, माझ्या ओट्याशी उभा राहून करंज्या खाणारा, आणि मी म्हणते कोण कॅलेब. डोकं चालेना.

ते दोघं राहतात त्या फ्रॅटर्निटीच्या घरी, कॉलेजच्या पोरांच्या क्लबात, काल रात्री पार्टी होती म्हणे. खूप प्यायला. आपल्या खोलीत जाऊन झोपला तो उठलाच नाही. अठरा-एकोणीस वर्षांचं पोर!

'तू कुठे होतास?'

'लायब्ररीत. सोमवारी ऑरगॅनिक केमिस्ट्रीची टेस्ट आहे.'

बरं वाटलं मला. कॅलेब मेलाय आणि मला बरं वाटलं. कुणाला सांगता येईल असं नाही, म्हणून इथे लिहिते.

रविवार, १२ नोव्हेंबर

मी आणि श्रीराम देवांगला आणायला गेलो. घरून, नोव्हायहून निघताना वाटलं होतं, घरी यायला तो एका पायावर तयार असेल. नाही आला. 'आय हॅव टू बी हिअर.' दारातच उभा राहिला. आत या म्हणाला नाही. त्याच्या मागे हॉल दिसत होता. सोफा होता तिथे नुसता चौकोन, गालिच्याचा तेवढाच भाग गडद. पोलीस घेऊन गेले का? मी विचारलं नाही.

गेल्या वर्षी याच हॉलमध्ये पालकांना बोलावलं होतं. टाय लावलेला एक मुलगा आमच्यापुढे उभा राहून बोलला — लीडरशिप, समाजसेवा, इथून किती जण डॉक्टर झाले, किती जण वकील. देवांगला मेडिकलला जायचंय, आम्ही हरखलो. मग म्हणाला, काही प्रश्न? आम्ही विचारले की! मी विचारलं, अभ्यासाला शांतता असते का. श्रीरामने विचारलं, व्हेजिटेरियन मिळतं का. सगळे हसले. श्रीरामसुद्धा हसला.

 येताना गाडीत फ्लिंट शहराच्या पुढे आल्यावर श्रीराम म्हणाला, 'आपला लायब्ररीत होता.' मी म्हटलं, 'हो.' दोघांनाही ते ऐकायचं होतं.

सोमवार, १३ नोव्हेंबर

झोपून उठले तरी कॅलेबच डोळ्यांपुढे.

तिथे येणाऱ्या प्रत्येक नव्या मुलाला एक जुना मुलगा मोठा भाऊ म्हणून देतात. कॅलेबचा मोठा भाऊ देवांग. मला केवढं कौतुक वाटलं होतं! दिवाळीला घेऊनच ये म्हटलं त्याला. उंच, काटकुळा, कान लाल. मिशिगनच्या त्या अंगठ्यासारख्या भागातला. वडील बीट लावतात, साखरेचं. 'मी तुम्हाला काय म्हणू?' असं त्याने विचारलं, तेव्हा आमच्या लेकीने, सियाने सांगितलं, 'से काकू.' मग दोन दिवस काकूऽ, काकूऽ. हाताने वरणभात खायचाच म्हणून हट्ट! कोपरापर्यंत ओघळ. जेवण झाल्यावर न सांगता सगळी भांडी घासली. सिया देवांगला म्हणाली, 'याला ठेवून घेऊ, तू परत जा.'

आज भांडी घासताना मागे कुणीतरी उभं आहे असं वाटत राहिलं. दोनदा वळून पाहिलं. वेडेपणा.

बुधवार, १५ नोव्हेंबर

आज त्याला पुरलं. त्याच्या आईनेच सांगितलं म्हणे, शवपेटी त्याच्या मित्रांनी उचलावी. देवांग उजवीकडून पुढे होता.

संध्याकाळी फोनवर एवढंच म्हणाला, 'इट वॉज सो हेवी, आई.'

मी म्हटलं, जेवलास का. दुसरं सुचलंच नाही.

शनिवार, १८ नोव्हेंबर

कॅलेबच्या आईचा फोन! नाव लॉरी. नंबर देवांगकडून घेतला म्हणाली. मी हातातली पोळी तव्यावर तशीच टाकून बसले.

आधी तिने माझे आभार मानले. दिवाळीच्या. 'तो म्हणत होता, तुम्ही त्याला चालता येईना इतकं खाऊ घातलंत.' हसली. हसता हसता आवाज फाटला.

मग म्हणाली, सगळे सांगतात की त्याने स्वतःच बाटली आणली, खोलीत जाऊन दार लावून एकटा प्यायला. 'पण एकटं बसणारा मुलगा नव्हता हो तो. अभ्याससुद्धा किचनच्या टेबलावर, माझ्या पायात पाय घालून करायचा.' थांबली. 'देवांग त्याच्याजवळ होता का? निदान थोडा वेळ?'

मी म्हटलं, 'नाही. तो लायब्ररीत होता. त्याला फार वाईट वाटतंय.'

'ओके,' म्हणाली. खूप हळू. 'ओके.'

पोळी जळून कोळसा झाली. अजून घरात वास आहे.

मंगळवार, २१ नोव्हेंबर

आज शिकवताना वर्गात शेवटच्या बाकावर एक मुलगा डोकं टेकून झोपला होता. मी समीकरण अर्धवट सोडून गेले आणि त्याला गदागदा हलवलं. घाबरला बिचारा. वर्ग हसायला लागला. मी नाही हसले.

शुक्रवार, २४ नोव्हेंबर

देवांग थँक्सगिव्हिंगला घरी आलाय. वजन उतरलंय. बोलायला जावं तर, 'आय एम फाइन.'

आज दुपारी सिया टीव्हीपुढे सोफ्यावर लवंडली होती. हा बाहेरून आला, तिच्याकडे पाहिलं, आणि धावला! 'सिया! सिया, गेट अप!' ती किंचाळली. तिचा खांदा धरलेला सोडेना. मग एकदम सोडला आणि बाथरूममध्ये गेला. नळ बराच वेळ वाहत होता.

सिया नंतर माझ्याकडे आली. म्हणाली, 'आई, तुम्ही खरंच बिलीव्ह करता, ही वॉज इन द लायब्ररी? ती बिग-ब्रदर नाइट होती. सगळ्यांना माहीत असतं त्या नाइटला काय करतात.'

मी तिच्यावर ओरडले. तिचं काय चुकलं होतं?

रविवार, २६ नोव्हेंबर

सांगितलं त्याने. सगळं.

मागच्या अंगणात पानं गोळा करत होतो. श्रीराम त्याच्या मित्राकडे, अरुणकडे गेला होता. मी पिशवी उघडून धरलेली, देवांग रेकने पानं ओढतोय. एकाएकी थांबला आणि खाली बघतच बोलायला लागला. अर्धं मराठी, अर्धं इंग्रजी. मध्ये थांबलाच नाही.

त्या रात्री मोठ्या भावाने धाकट्याला एक बाटली द्यायची असते. व्हिस्की. धाकट्याने ती झोपायच्या आत संपवायची. ट्रॅडिशन. गेल्या वर्षी देवांगलाही दिली होती. गेल्या वर्षी! थँक्सगिव्हिंगला आला तेव्हा पिवळा पडला होता, फ्लू झालाय म्हणाला, मी मऊ भात केला, आल्याचा काढा केला. फ्लू!

यंदा बाटली देवांगने दिली.

'तो मध्येच म्हणाला, आय एम डन. मी म्हटलं, कम ऑन, थोडीच राहिली.'

'मग?'

'मग त्याने फिनिश केली.'

पडलाच तो. सगळ्यांनी उचलून सोफ्यावर ठेवला. पाठीला पुस्तकांची बॅग बांधली, म्हणजे उताणा होणार नाही, उलटी घशात अडकणार नाही. बघ, एवढं त्यांना माहीत होतं! कुणीतरी म्हणालं, नाइन-वन-वनला फोन करू. अध्यक्ष मुलगा — तोच, टायवाला — म्हणाला, ॲम्ब्युलन्स आली की पोलीस येणार, पोलीस आले की हाउस बंद. झोपून उतरेल, सगळ्यांची उतरते. पार्टी चालू राहिली.

देवांग सोफ्याच्या खाली जमिनीवर बसून राहिला. 'आई, ही वॉज स्नोअरिंग. मोठ्याने. मला वाटलं, घोरतोय म्हणजे ओके आहे.'

मग देवांगलाच झोप लागली.

जाग आली ती घोरणं थांबलं म्हणून. आधी वाटलं, छान झोपलाय.

मी म्हटलं, 'पण तो तर त्याच्या खोलीत सापडला ना?'

देवांगने रेक खाली ठेवला. 'आम्ही नेला त्याला. वर. लोकांना वाटावं की एकटाच...' वाक्य पुरं केलं नाही. 'पाय मी धरले होते.'

म्हणजे याने त्याला दोनदा उचललं. एकदा जिन्यावरून, एकदा चर्चमधून.

पिशवी माझ्या हातातून सुटली, गोळा केलेली पानं सगळी पुन्हा अंगणभर. मी त्याला जवळ घेतलं का? घेतलं. पण लगेच नाही. मध्ये काही क्षण गेले. त्याला ते कळलं असणार.

मंगळवार, २८ नोव्हेंबर

श्रीरामला मी सांगितलं. ऐकून गराजमध्ये गेला. बऱ्याच वेळाने बघायला गेले तर बंद गाडीत स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडत होता. लग्नाला इतकी वर्षं झाली, असा रडताना कधी पाहिला नव्हता.

तोंड धुऊन आत आला आणि वकील शोधायला लागला.

शनिवार, ९ डिसेंबर

वकीलबाईंनी बजावलंय, कुणाशी बोलायचं नाही. फोन नाही, ईमेल नाही, काही लिहायचंसुद्धा नाही. म्हणून इतके दिवस लिहिलं नाही. पण मी बोलू कुणाशी?

त्यांचं म्हणणं, पोलिसांकडे फारसं काही नाही. सगळ्या मुलांनी एकच सांगितलंय. सगळे गप्प राहिले तर प्रकरण आपोआप मिटेल. मिटेल! बाई हुशार आहेत, वाईट नाहीत. निघताना माझा हात दाबून म्हणाल्या, 'मलाही मुलगा आहे.'

आज आन्सरिंग मशीनवर लॉरीचा निरोप. मी शेजारीच उभी होते, फोन उचलला नाही. गावात लोक म्हणतात कॅलेब दारुडा होता. त्याच्या धाकट्या बहिणीला शाळेत कुणीतरी तसं म्हणालं. 'मला कुणाला शिक्षा करायची नाहीये. मला फक्त एवढं हवंय की, जाताना तो एकटा नव्हता असं कुणीतरी मला सांगावं.'  कुत्रा भुंकला तिच्याकडे. मग बीप.

श्रीरामने निरोप पुसून टाकला. पुसून काय होतं? मला तोंडपाठ आहे.

रविवार, १० डिसेंबर

दुपारी श्रीराम सोफ्यावर घोरत होता. मी समोर बसून ऐकत राहिले. एकदा मधेच थांबला. मी उठवलं त्याला. म्हणाला, 'काय झालं?' 'काही नाही. चहा घेणार का?'

शनिवार, १६ डिसेंबर

भांडलो. सिया घरात नव्हती म्हणून बरं. देवांग वर होता — परीक्षा देऊन काल आलाय.

श्रीराम म्हणाला, 'आपण देवांगचे आईवडील आहोत. त्या मुलाचे नाही.'

'तिला वाटतंय, तिचा मुलगा एकटा मेला.'

'आणि खरं कळलं तर तिला बरं वाटेल? सगळे आजूबाजूला होते, कुणी फोन केला नाही, हे कळून बरं वाटेल तिला?'

मी ओटा पुसत राहिले. 

'तो जेलमध्ये जाईल, शुभा. मेडिकल संपलं. आयुष्यभर रेकॉर्ड राहील. एका रात्रीसाठी.'

'कॅलेबचीपण एकच रात्र होती.'

तो खुर्चीत बसला. मग फार थकलेल्या आवाजात म्हणाला, 'ठरवू दे ना देवांगला. त्याचं आहे ते.'

हे मात्र पटलं. वर गेले. देवांग पलंगावर भिंतीकडे तोंड करून. म्हटलं, 'तू सांगणार आहेस का त्यांना?'

'आय कान्ट.'

'मग?'

'आय डोन्ट नो, आई. आय डोन्ट नो.'

केसांवरून हात फिरवला. लहानपणी फिरवायची तसा. त्याने हात धरून ठेवला, सोडला नाही.

रविवार, १७ डिसेंबर

लॉरीला फोन केला.

सकाळी. श्रीराम बर्फ काढायला बाहेर गेला होता. कुणालाही विचारलं नाही. विचारलं असतं तर केला नसता.

सगळं सांगितलं. बाटली कुणी दिली. तो 'बस' म्हणाला होता. सोफा. घोरणं. पाय कुणी धरले. माझ्या मुलाचं नाव घेऊन सांगितलं. लायब्ररीचं खोटं होतं, मला तेव्हा माहीत नव्हतं, तेही सांगितलं. माझा आवाज अगदी वर्गात शिकवते तसा सरळ होता, त्याचं मला अजून नवल वाटतंय.

ती ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, 'म्हणजे एकटा नव्हता.'

'नाही. देवांग अगदी शेजारी होता.'

 मग म्हणाली, 'सो मेनी पीपल.' एवढंच. जणू मोजत होती. 'सो मेनी पीपल, शुभा.' आणि फोन ठेवला.

श्रीराम बरोबर बोलला होता. बरं नाही वाटलं तिला.

देवांग खाली आला तेव्हा सांगितलं. तो ओरडला नाही. दूध घातलेला सीरिअलचा बोल घेऊन वर गेला. दुपारी तो बोल दाराबाहेर होता, न खाता. सगळं फुगून लगदा झालेलं.

रविवार, १४ जानेवारी २००७

देवांग माझ्याशी बोलत नाही. पोलीस येऊन गेले, दोनदा. युनिव्हर्सिटीने काढून टाकलं. एकाचं नाव निघालं तशी बाकीची मुलंही बोलायला लागली. टायवाला मुलगा म्हणतोय, त्या वेळी तो तिथे नव्हताच.

श्रीराम बोलतो माझ्याशी. मीठ दे, बिल भरलं का, इतपत.

आज मंडळाचं हळदीकुंकू. जाणार नव्हते, सियाने नेलं. बायका माझ्याशी जपून बोलत होत्या, आजारी माणसाशी बोलतात तशा. प्रतिमा मात्र मला बाजूला घेऊन गेली. तिचा सुशांत ऑगस्टमध्ये कॉलेजला जाणार आहे, त्याला फ्रॅटर्निटीत जायचंय. अडखळत म्हणाली, 'तुला विचारू नये. पण दुसऱ्या कुणाला विचारू? आम्हाला काय माहीत असायला हवं?'

गेल्या वर्षी याच हॉलमध्ये मी तिला ऐटीत सगळं सांगितलं होतं! ओळखी होतात, शिफारसपत्रं मिळतात, मुलं एकटी पडत नाहीत.

आज म्हटलं, 'त्यांना विचार, तिथे कुणी पडलं तर फोन कोण करतं. आणि सुशांतला सांग, तो फोन तूच करायचा. घर बंद पडू दे, तुला हाकलू दे, आमच्या दारात पोलीस येऊ देत. तू करायचा.'

तिने मान हलवली. तिळगूळ माझ्या हातावर ठेवला आणि माझी मूठ बंद केली. 

हे मी देवांगला का नाही सांगितलं? कारण सांगावं लागेल असं वाटलंच नाही. आपली मुलं.

शुक्रवार, ४ मे २००७

कोर्ट. देवांगने गुन्हा कबूल केला. काउंटी जेल, उन्हाळ्यापासून. सुटल्यावर प्रोबेशन. जजने विचारलं, काही बोलायचंय? तो वळून लॉरीकडे बघत म्हणाला, 'त्याने बस म्हटलं होतं.' आणि खाली बसला.

लॉरीला पहिल्यांदा पाहिलं. कान तसेच, लाल. बाहेर पडताना माझ्यासमोर थांबली. मला वाटलं मारेल. वाटलं, मारावं. ती नुसती बघत राहिली आणि मग नवऱ्याचा हात धरून गेली.

देवांग अजून बोलत नाही. मी त्याच्या खोलीबाहेर ताट ठेवते. माझ्याच मुलाला मी पकडून दिलं. रोज सकाळी डोळे उघडले की आधी हेच आठवतं, मग बाकीचं.

रविवार, ३ जून २००७

देवांग आज बोलला. उद्या त्याला जेलमध्ये हजर व्हायचंय. मी पोळ्या लाटत होते, मागे येऊन उभा राहिला.

'आई, मी बाबांना नाही सांगितलं. सियाला नाही. तुलाच सांगितलं. तुला कळलं नाही का? मला माहीत होतं, तू कॉल करशील.'

इतके महिने मी काय काय भोगत होते! आणि तो वर खोलीत बसून मला भोगू देत होता.

सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. लाटणं ठेवलं, गॅस बंद केला आणि मागच्या दाराने अंगणात जाऊन उभी राहिले. राग आला होता. माझ्या मुलाचा इतका राग मला कधीच आला नव्हता.